मुक्काम पोस्ट बेळगाव

बेळगावात तात्या एकच नाहीत, गल्लोगल्ली आहेत. शहापुरात आहेत, वडगावात आहेत, अनगोळला आहेत. टिळकवाडीला बंगलेवाले तात्यासुद्धा आहेत. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह असूनही कुंद्याशी संबंध तोडलेले नाहीत, आणि 'बेळगावी' हा शब्द कानावर पडला की तेवढ्यापुरतं ऐकू येणं बंद. सून सांगते, कानाच्या डॉक्टरला दाखवून झालं. कानात काही दोष नाही.

तात्या पत्ता लिहितात तो घर नंबर, गल्ली, बेळगाव इथे संपतो. राज्याची ओळ कोरी. "दावा कोर्टात आहे की! निकालाआधी मी काय म्हणून लिहू?" बेळगावसह सीमाभागासाठी महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला २००४ साली. त्या दाव्याचा जेवढा मान तात्या राखतात, तेवढा तो लावणाऱ्यांनीही राखला नसेल. कागदावर हे खपून जातं. मोबाइलवर मात्र राज्य निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि यादीत 'न्यायप्रविष्ट' असा पर्याय नसतो. यापायी गॅसचं बुकिंग अडलं तेव्हा सुनेने फोन हातातून काढून घेतला, कर्नाटकावर बोट ठेवलं आणि सिलिंडर आला. त्यावरचा चहा तात्यांनी मुकाट्याने घेतला.

म्हणून तात्यांचा नावं बदलायलाच विरोध आहे, असं समजू नका. एखादा भाचा 'बाँबे' म्हणाला तर भरल्या ताटावर त्याच्याकडून 'मुंबई' वदवून घेतात. मद्रासचं चेन्नई झालं, कलकत्त्याचं कोलकाता झालं. रास्तच आहे, ज्याचं गाव त्याचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकाने एका दमात बारा शहरांची नावं बदलली. त्यातल्या अकरांना तात्यांची हरकत नाही. गुलबर्ग्याचं कलबुर्गी केलं त्याबद्दल तर ते कर्नाटक सरकारचं कौतुक करतात. बारावं तेवढं चुकलं.

खरं सांगायचं तर कानडी माणूस पिढ्यानपिढ्या बेळगावीच म्हणत आला आणि मराठी माणूस बेळगाव. दोघंही आपापल्या घरात बरोबर होते. इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री जे उमटवलं ते मराठीच्या जवळचं निघालं, म्हणून तात्या निर्धास्त होते. सरकारने दोनातलं एक पाटीवर चढवलं आणि दुसरं म्हणणाऱ्याची झोप उडाली.

भिंतीला भिंत लागून एक निवृत्त मास्तर राहतात. धारवाडकडचे. १९५६ साली १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं गेलं. त्यामुळे दर वर्षी त्या तारखेला तात्या दंडाला काळी फीत बांधून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या फेरीला निघतात, आणि मास्तर खांद्यावर लाल-पिवळा शेला टाकून राज्योत्सवाच्या मिरवणुकीला. दोघांची चपला घालायची वेळ एकच, तेव्हा दारात गाठ पडतेच. "छत्री घ्या हो तात्या, आभाळ आलंय," मास्तर सांगतात. तात्या घेतात. छत्री काळीच असते, फेरीत शोभते.

भांडण संध्याकाळी, कट्ट्यावर. मास्तर १९२४ काढतात: गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते काँग्रेसचं एकमेव अधिवेशन बेळगावात भरलं, आणि त्याच वेळी इथेच कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. तात्या १९४६ काढतात: ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन बेळगावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथेच झाला. दोन्ही राज्यांची स्वप्नं एकाच गावात पडली. गावाने कोणालाच नको म्हटलं नाही, तिथेच घोळ झाला. मग सीमावाद सोडवायला नेमलेला महाजन आयोग येतो. १९६७ च्या अहवालात आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला देऊ केली, २४७ म्हैसूरला, आणि बेळगाव होतं तिथेच ठेवलं. "ताट दिलं आणि पुरणपोळी काढून घेतली!" तात्या कडाडतात. या भांडणाची एक खुबी आहे. आवाज चढला की तात्या कानडीत शिरतात आणि मास्तर मराठीत. बोललेलं समोरच्याला नेमकं लागावं, एवढाच उद्देश.

हो, तात्यांची कानडी अस्खलित आहे. बाजारात भाव कानडीत पाडतात, राजकुमारचे सिनेमे त्यांना तोंडपाठ आहेत, आणि नात 'अज्जा' म्हणून हाक मारते त्याला कुठल्याही समितीची हरकत नाही. पण लिपी? अक्षर लागत नाही. शाळा मराठीत झाली. आणि शेताचा उतारा येतो कानडीत, नोटीस येते कानडीत. कागदपत्रं मराठीतही मिळावीत ही समितीची जुनी मागणी, ती जुनीच होत चालली आहे. मग तात्या कागद घेऊन भिंतीपलीकडे जातात आणि मास्तर चष्मा लावून वाचून दाखवतात. एकदा उताऱ्यावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मास्तरांनी ते पकडलं नसतं तर वारसाच्या वेळी मुलांना कचेरीचे खेटे पडले असते. आपलं नाव सरकारने बरोबर लिहिलंय का हे ज्याला शेजाऱ्याला विचारावं लागतं, तो गावाच्या नावावर अडून बसला तर मला तरी तो चक्रम वाटत नाही.

तात्यांचा खरा संताप बंगळूरवर नसतोच, पुण्यावर असतो. लहानपणी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन त्यांचा घसा बसला, त्या महाराष्ट्रात लग्नाला गेलं की मांडवातच कुणीतरी विचारतं, "कर्नाटकातून आलात ना? पण मराठी किती छान बोलता हो!" तात्यांनी एखाद्या पोराला "काय करायलास रे?" म्हटलं की ते पोर दिवसभर नक्कल करत हिंडतं. "हेल कानडी आहे तुमचा," असं एक विहीणबाई म्हणाल्या होत्या. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. जिलबी असूनही. परतीला मात्र ते हट्टाने महाराष्ट्राची एस.टी. पकडतात, कागल मागे पडतं, निपाणी येते, रस्त्याच्या कडेला कानडी पाट्या सुरू होतात, आणि तात्या पाय मोकळे करून म्हणतात, "आलं बघ आपलं."

तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना एक विनंती. गोव्याला जाताना कुंदा घ्यायला बेळगावात उतराल, तर बेधडक मराठीत बोला. समोरच्याच्या मराठीला प्रशस्तिपत्र देऊ नका. आणि "तुमच्याकडे नक्की कोणती भाषा चालते हो?" असं तर मुळीच विचारू नका. विचारलंच, तर गोव्याच्या हॉटेलवाल्याला आधी कळवून ठेवा, की आज काही पोचत नाही.