ती मोरवाली द्या

वाईनच्या लेबलावर जनावर छापलं की बाटली खपते, हा शोध ऑस्ट्रेलियातल्या कासेला कुटुंबाला चांगलाच फळला. 2001 मध्ये त्यांची ‘यलो टेल’ अमेरिकेत उतरली. लेबलावरच्या उडी मारणाऱ्या प्राण्याला लोक कांगारू समजले. तो खरं तर वॉलबी. बाटल्या तरीही कोट्यवधी खपल्या. मग पेंग्विनही आला.

श्रीमंतांचं वेगळं असतं, असं म्हणावं तर तेही नाही. बोर्दोच्या शातो मुतों रोथशिल्डच्या लेबलावर 1945 पासून जवळजवळ दरवर्षी नवा चित्रकार. 1973 ची वाईन जाणकारांच्या मते सुमारच, पण लेबलावर पिकासो होता. 2009 ला आपले मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. 1993 ला बाल्थसने काढलेल्या नग्न मुलीवर अमेरिकेत आक्षेप आला, म्हणून तिथे चित्राची जागा कोरी सोडून बाटल्या गेल्या. संग्राहकांनी ती कोरी जागासुद्धा विकत घेतली.

अक्षरं वाचणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. स्पेनमध्ये रेड वाईनवर ‘रेसेर्वा’ लिहायचं तर ती तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष पिंपात. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत ‘रिझर्व्ह’ला काहीच अर्थ नाही. तिथे छापखाना पुरतो.

पण या सगळ्या कलेत एक गृहीत आहे: गिऱ्हाईक फळीसमोर उभं राहून बाटली हातात घेणार, उलटीपालटी करणार. महाराष्ट्रात सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला आणि तो वादातच अडकला. त्यामुळे आमची रसिकता अजून फुटपाथवर, लोखंडी जाळीच्या अलीकडे. वाईन शॉपमध्ये वाईन सगळ्यांत वरच्या फळीवर, धुळीत. द्राक्ष कुठलं, गोड की कोरडी, हा मजकूर मागच्या लेबलावर, आणि मागचं लेबल भिंतीकडे तोंड करून. म्हणून बोट दाखवायचं: “ती मोरवाली द्या.”

“रेड की व्हाइट?”

मोरावरून ते समजत नाही. मागे क्वार्टरचे पैसे मुठीत घेऊन उभा असलेला गृहस्थ सुस्कारा सोडतो. त्याला त्याचा ब्रँड पाठ असतो. तो नाव उच्चारतो, बाटली कागदात गुंडाळली जाते, माणूस निघून जातो. त्याच्यासाठी कुणी मोर काढलेला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. ‘गोड आहे’ किंवा ‘गोड नाही’ एवढं जाळीच्या अलीकडून वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरांत पुढे छापा. मोर मागच्या बाजूला घ्या. भिंतीला बघू दे.