नेटचे पाटकरी

सगळा सातारा नेट चालत नाही म्हणून रडतो. आमचे दादा ते जोरात चालतं म्हणून. पोरांचे व्हिडिओ अख्खी लाइन पिऊन टाकतात, टेलएंडला बसलेल्या वहिनींची मालिका कोरडी पडते, आणि दादा कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखे पाळ्या लावायला उठतात.

हत्यार एकच: वंडरशेपर. नेदरलँड्सच्या बर्ट ह्यूबर्टची स्क्रिप्ट, पोटात लिनक्सचं वेग आवरणारं टीसी. कार्डाचं नाव, उतरणीचा वेग, चढणीचा वेग, एंटर. घरच्या जुन्या उबंटूवर ही कमांड वर्षानुवर्षं निमूट चालली, त्यामुळे लिनक्स इथूनतिथून सारखंच, हा दादांचा ठाम समज. पाहुण्यांकडे जाताना लोक कंदी पेढे नेतात. दादा कमांडही नेतात, कोणी मागितलेली नसताना.

कराडच्या भाच्याकडे डेबियन. दादांनी 'सु' केलं, 'टीसी' मारलं. अशी कमांडच नाही!

"अरे, तुझ्या मशीनला टीसीच नाही की!"

"मामा, ते एसबिनमध्ये आहे. नुसत्या सु-ने रूटचा पाथ मिळत नाही, पुढं डॅश द्यायचा."

डेबियनच्या २०१९च्या बस्टर आवृत्तीपासून हे असं आहे. "तेच म्हणतोय मी," म्हणून दादांनी चहा मागवला.

खरी शोभा सांगलीत झाली. विश्रामबागेतल्या साडूंकडे फेडोरा, आणि त्या पीसीतूनच घरभर नेट. दादांच्या सवयीचं ईटीएच० सापडेना. कार्डाचं नाव ईएनपी३एस०.

"हे नाव आहे का गाडीचा नंबर?"

"एमएच १० तेवढं लावायचं राहिलं," साडू म्हणाले.

नाव बदललं, तर दादांची जुनी स्क्रिप्ट वेग वाटायचं जुनं सीबीक्यू मागू लागली. ते तर २०२३मध्ये ६.३ कर्नलनं काढूनच टाकलेलं. नव्या वंडरशेपरला त्याऐवजी एचटीबी चालतं, पण त्याची कमांड लिहायची रीत वेगळी, आणि नवी रीत शिकायची म्हणजे दादांना कमीपणा. त्यांनी साडूंनी लेकीच्या परीक्षेसाठी घातलेली दोन मेगाबिटांची मर्यादा पुसली आणि टीसीचे नियम हातानं लिहिले. एचटीबी, वेग १०२४केबीपीएस. आता पोरगी एका मेगाबिटावर!

टीसीच्या लेखी केबीपीएस म्हणजे सेकंदाला किलोबाइट. किलोबिट हवे असतील तर केबिट लिहायचं. मॅन पेजवर हे छापलेलं आहे, पण मॅन पेज नवशिक्यांनी वाचायचं असतं. माझं विचाराल तर, सगळं जग ज्याला किलोबिट म्हणतं त्याचा अर्थ आठपट करून ठेवणाऱ्यालाही दोन शब्द सुनावायला हवेत.

आतून पोरगी ओरडली, "काका, लई भारी! नेट नुसतं पळतंय!"

साडू स्क्रीनकडे बघून गालात हसले, बोलले काहीच नाहीत. दादांनी भडंगाचा बकाणा भरला.

"बघा साडूभाऊ, शिस्त लावली की लाइनसुद्धा सुधारते. पुढच्या खेपेला मिरजेच्या आत्याकडं बसवू."