दाखवत नाही, म्हणजे नाही

दिव्याच्या माणसाला चुकीच्या नोंदीचं काय अप्रूप? महापालिका ठाण्याची, विधानसभा कल्याण ग्रामीणची, लोकसभा कल्याणची आणि सकाळी चढायला जागा कुठल्याच लोकलमध्ये नाही. त्यामुळे वाचनालयात ‘रणांगण’ लष्करी इतिहासाच्या कपाटात सापडली, तरी तो दचकत नाही. विश्राम बेडेकरांची ही १९३९ची कादंबरी घडते बोटीवर, आणि आहे प्रेमाची. नोंदणाऱ्याने मुखपृष्ठावर भागवलं, एवढंच. ‘एका कोळियाने’ मत्स्यव्यवसायात गेलं नाही, हे पुलंचं नशीब.

पुलंचं दुखणं वेगळं. एका कार्डावर ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, दुसऱ्यावर ‘पु. ल.’, तिसऱ्यावर ‘पु.ल.’. टिंबापुढची मोकळी जागा माणसाला दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसते. झाले तीन लेखक! गडकरी नाटकांत, गोविंदाग्रज कवितेत, बाळकराम विनोदात. तिघांची ओळख करून देणारी ‘हेही पहा’ची चिठ्ठी लिहायला सवड कोणाला?

मग संगणकीकरण झालं. म्हणजे रजिस्टरातल्या चुका फाँटसकट आत गेल्या. युनिकोडच्या आधी टाइप केलेली नावं आता उघडली, की चौकोन आणि इंग्रजी चिन्हांचा चिवडा. काउंटरवरून उत्तर येतं, ‘दाखवत नाही, म्हणजे नाही.’ पुस्तक मात्र मागच्या कपाटात पाठीवर दाखल क्रमांक मिरवत उभं.

काउंटरवरच्या बाईंवर डाफरण्यात अर्थ नाही. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं लोंबकळते आहे. वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तकं मोजली जातात, सभासद मोजले जातात. बरोबर केलेल्या नोंदीला कोण गुण देतो?

ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं ते मराठी पुस्तकं एका छपराखाली आणायला. पण गोळा करणं हे निम्मंच काम. उरलेलं किती मोठं असतं, ते शंकर गणेश दाते यांनी दाखवलं. १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची त्यांची सूची १९४३ मध्ये आली, पुढची १९५० पर्यंतची १९६१ मध्ये. तेही कॉम्प्युटरशिवाय. आपल्याकडे सर्व्हर आहे आणि तो डाउन आहे.

तेव्हा वाचकहो, पुस्तक मिळालं नाही तर भांडू नका. मिळालं आणि नोंद चुकलेली दिसली, तर कागदावर लिहून द्या. दाखल क्रमांकासकट, आणि पोच घेऊन.