मुडद्याला व्हिसा लागत नाही

नाल्याच्या अलीकडे प्रेत सापडलं तर हे ठाणं, पलीकडे सापडलं तर ते. खून कुणी केला हे नंतर बघू, आधी हद्द कुणाची ते ठरवा! हा आजार फक्त आपलाच नाही, हे स्वीडिश लेखक हेनिंग मॅन्केलची ‘डॉग्ज ऑफ रिगा’ (१९९२) ही कादंबरी वाचताना कळतं आणि जीव भांड्यात पडतो.

बाल्टिक समुद्रात एक रबरी तराफा तरंगत येतो. आत सुटाबुटातले दोन पुरुष, एकमेकांच्या मिठीत, गोळ्या घालून मारलेले. तो दिसतो नेमका दोन तस्करांना. पोलिसांना कळवावं तर आपलंच बिंग फुटणार, सोडून जावं तर मन खातं. शेवटी ते बिचारे तराफा ओढत स्वीडनच्या किनाऱ्याजवळ आणून सोडतात आणि नाव न सांगता पोलिसांना फोन करतात. नागरिकाचं कर्तव्य म्हणतात ते हेच असावं.

तिथल्या इस्टाड गावचा पोलीस अधिकारी कुर्ट वॉलंडर याच्या गळ्यात हे प्रकरण पडतं. मयत लाटव्हियाचे निघतात. तिथून पोलीस अधिकारी मेजर लीपा येतो, आणि तपास त्यांच्या राजधानीकडे, रिगाकडेच सोपवायचं ठरल्यावर वॉलंडर सुटकेचा नि:श्वास टाकतो. गेली ब्याद! मधल्या काळात पुराव्याचा तो तराफा खुद्द पोलीस ठाण्यातून चोरीला गेलेला असतो, ते सोडा.

पण लीपा मायदेशी पोहोचतो आणि त्याच दिवशी त्याचा खून होतो. मग वॉलंडर रिगाला जातो, एकदा सरकारी पाहुणा म्हणून आणि दुसऱ्यांदा आल्प्समध्ये स्कीइंगला जातोय अशी थाप मारून, खोट्या नावाने, चोरून. मला अशा सीमापार रहस्यकथांची खरी गंमत इथे वाटते. गुन्हेगार सीमा ओलांडतो तो बिनबोभाट. कायद्याच्या माणसाला मात्र त्यासाठी कायदा मोडावा लागतो. आपल्या बाबुराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजय असल्या परवानग्यांसाठी ताटकळल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढच्याच वर्षीच्या ‘व्हाइट लायनेस’मध्ये स्वीडनमधल्या एका घरं विकणाऱ्या बाईच्या खुनाचा धागा थेट दक्षिण आफ्रिकेत, मंडेलांच्या हत्येच्या कटापर्यंत पोहोचतो. मॅन्केल स्वतः वर्षातला बराच काळ मोझांबिकच्या मापुटोत नाटकं बसवायचा. त्याला इस्टाडहून आफ्रिका फारशी लांब वाटत नसावी.

डिसेंबर २००७ मध्ये लाटव्हिया शेंगेन क्षेत्रात आला आणि स्वीडनहून रिगाला जाताना पासपोर्ट तपासणं बंद झालं. प्रवाशांची सोय झाली, रहस्यकथा लिहिणाऱ्यांची पंचाईत. २०१५ मध्ये निर्वासितांच्या लोंढ्यानंतर स्वीडनने सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, तेव्हा एखाद्या लेखकाने गुपचूप पेढे वाटले असतील.

आपल्याला मात्र त्याच शेंगेनच्या व्हिसासाठी बँकेचे उतारे, रजेचं पत्र, परतीचं तिकीट, विमा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा गंभीर चेहऱ्याचा फोटो जोडावा लागतो. तेव्हा एक विनंती: तो अर्ज भरायला बसाल, त्या आठवड्यात ‘डॉग्ज ऑफ रिगा’ हातात घेऊ नका. भलतेसलते विचार मनात येतात.