दगडवेडे दाजी

प्रत्येक घराण्यात एखादा जावई असा असतो, की तो बोलायला लागला म्हणजे बाकीच्यांनी माना डोलवायच्या. कुणाचा जावई राजकारणावर बोलतो, कुणाचा शुगरवर. आमचे दाजी दगडावर बोलतात.

दाजी पुण्याचे. कोथरूडला सातव्या मजल्यावर फ्लॅट. उभी नोकरी विमा कंपनीत गेली. कुणाच्या घराला आगीचा धोका किती, पुराचा किती, याचे हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडले. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आले, ते धोका ही चीज ऑफिसातच ठेवून. आता त्यांना फक्त ‘वारसा’ दिसतो. आणि तो आमच्या धाराशिव जिल्ह्यात जितका ठासून भरलाय तितका कुठंच नाही, असं त्यांचं ठाम मत. आम्ही इथं जन्म काढला, पण हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलवायची रीत. दाजी पुरणाचा धोंडा अर्धा ताटात ठेवतात आणि खऱ्या धोंड्यांकडं निघतात. पायांत ट्रेकिंगचे बूट, खिशाखिशांची बंडी, गळ्यात भिंग, हातात पाण्याची बाटली. बाटली पिण्यासाठी नसते. काळा दगड ओला केल्याशिवाय त्याची घडण कळत नाही म्हणे. भर उन्हात आमचे घसे सुकतात आणि दाजी भिंतीला आंघोळ घालतात. मग तळहातानं दोनदा थोपटायचं, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “बोलतोय!” एकदा बहिणीनं हळूच विचारलं, “काय बोलतोय हो?” त्यावर दाजींनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली नसती तर त्यांनी फेरविचार केला असता.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि दख्खनचा हा काळा दगड तयार झाला, हे ते भेटेल त्याला सांगतात. येरमाळ्याच्या घाटात चहाला थांबलो होतो. दाजींनी बसल्या बसल्या कट्ट्यावर प्रेमानं हात फिरवला आणि चहावाल्याला म्हणाले, “मालक, आपण साडेसहा कोटी वर्षांवर बसलोय.” चहावाला म्हणाला, “न्हाई साहेब, ग्रामपंचायतीनं मागल्या साली बांधलाय.”

नळदुर्गला तर त्यांना आवरणं अवघड. बोरी नदी किल्ल्यात वळवून घेतलेली, तिच्यावर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, हे काम झालं. नदी भरली की पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ अशा दोन सांडव्यांतून खाली झेप घेतं आणि मधोमध महालात उभं राहिलं तरी अंगावर थेंब येत नाही. हे सगळं दाजी नर-मादीकडं तोंड करून, हात पसरून, धबधब्यावर आवाज चढवून सांगत होते. नर कोरडा होता. मादीही कोरडी होती. नदीत दोन म्हशी बसल्या होत्या. पाऊसच नव्हता, तर बिचारे सांडवे काय करतील? पण दाजींचा आवाज धबधब्याच्याच मापाचा राहिला. तेवढ्यात एका शाळेची सहल मागं येऊन उभी राहिली. मास्तरांना वाटलं, सरकारी गाईड आहे. मग काय, नऊ पाकळ्यांच्या नवबुरुजापर्यंत शंभरेक पोरं दाजींच्या मागं. मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी इथं राहून कारभार पाहत होता, त्यानं ठगांवर कादंबरी लिहिली, हे दाजींनी रंगवून सांगितलं. शेवटी मास्तरांनी पन्नासाची नोट पुढं केली. दाजींनी ती घेतली नाही. पण दिली गेली होती, हे त्यांनी पुढं सगळ्या नातलगांना फोन करून कळवलं.

तेरला मात्र त्यांचा हिरमोड झाला. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथला माल भडोचमार्गे रोमपर्यंत जायचा, इथं सापडलेली हस्तिदंती बाहुली पाहायला जाणकार दुरून येतात, गोरोबाकाकांचं गाव. सगळं खरं. पण त्रिविक्रमाचं देऊळ निघालं विटांचं! दाजींचा चेहरा वरातीत नवरी चुकल्यासारखा झाला. जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, असं कुणीतरी सांगितलं. दाजी म्हणाले, “तरंगणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही.” आणि गाडीत जाऊन बसले.

त्यांचं खरं तीर्थक्षेत्र म्हणजे आमचं गाव. बालाघाटाच्या घडीत, एसटी दिवसातून एकदा येते तीही मनात आलं तर. पडकी गढी, दगडी वेस, वेशीतून आत गेलं की दोन्ही हातांना काळ्या भिंती. आमचा वाडा त्यातलाच. पुढं ढाळज, आत चौक, सोपा, भिंतीत बळद, वर मातीचं माळवद. दाजी ढाळजेत बूट काढून आत येतात आणि आल्या आल्या पहिली शोकसभा घेतात. शेजाऱ्यानं स्लॅब टाकला, त्यांना वाईट वाटतं. समोरच्यानं भिंतीला टाइल लावली, त्यांच्या छातीत कळ येते. पत्र्याचं शेड दिसलं की ते तोंड फिरवतात. “काकू,” ते माझ्या चुलतीला म्हणतात, “हे बांधकाम श्वास घेतं. बाहेर चाळीस डिग्री, आत गारवा. तीन हात रुंद भिंत! जगात कुठं मिळणार? काहीही करा, हात लावू नका याला.”

काकू डोक्यावरचा पदर सारखा करते. जावयाला उलट बोलायचं नाही, हे तिला माहीत आहे. पण माळवदाचं सगळं आयुष्यभर तिनंच केलंय. मृग लागायच्या आत पांढरी माती पाटीनं वर न्यायची, पसरायची, चोपायची. पाऊस पडला की त्यावर गवत उगवतं, ते उपटायचं. रात्री सर आली की उठून सवण्यावर झाकण सरकवायचं. तरीही गळतंच, मग घरातली पातेली, परात, घंगाळ सगळं जमिनीवर मांडायचं आणि मधल्या कोरड्या जागेत पोरं निजवायची. दाजींना त्या आवाजातही संगीत ऐकू येतं. ते मुक्कामाला येतात उन्हाळ्यात, किंवा पावसानं दगा दिलेल्या साली.

“भिंत चांगलीच हाय की जावईबापू,” काकू म्हणाली. “पडत न्हाई तवर भिंतीवानी चांगलं काही न्हाई.”

काकूचं माहेर सास्तूरच्या अंगाचं, आताच्या लोहारा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. पहाटे चार वाजायला काही मिनिटं होती. काकूच्या भावाचं घर असंच होतं, तीन हात भिंतीचं, गार. पुढं इंजिनिअर आले आणि त्यांनी ढिगाऱ्यापाशी बसून सांगितलं ते काकूला अजून पाठ आहे. भिंतीला दोन्ही अंगांनी घडीव दगड, मधी नुसते गोटे आणि माती. दोन्ही अंगं बांधून धरणारा आरपार दगड कुठंच नाही. आणि वर माळवद. दरसाली एक थर, असं आजापणज्यापासून चढत आलेलं. भूकंपात घर हललं, भिंतीची दोन्ही अंगं दोहीकडं गेली आणि सगळी माती खाली आली. किल्लारीकडची आणि इकडची मिळून बावन्न गावं तिथून उठवून नव्यानं वसवली. काकूच्या माहेरालाही सरळ रस्ते आणि एकसारखी घरं आली. दाजी ते गाव एकदा पाहून आले होते. म्हणाले, “सोयी आहेत, पण गावपण नाही.”

काकू हे सगळं ज्वारी निवडता निवडता बोलली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. चौकात कुणी काही बोललं नाही. दाजीसुद्धा क्षणभर थांबले. मग खाकरून म्हणाले, “खरंय. पण दगडाचा काय दोष?” काकू म्हणाली, “दगडाला कोण बोल लावायलंय? तुम्ही रातच्याला सोप्यातच निजा, मी जाते शेडात.” तीस वर्षं ती त्या पत्र्याच्याच शेडात निजते, हे दाजींना तेव्हा कळलं. रात्री दाजी सोप्यात निजले. निष्ठेचा प्रश्न होता. पण पहाटे पाहिलं तर खाट चौकाच्या बरोबर मधोमध आलेली. डास फार होते म्हणे.

निघताना त्यांनी मागं पडलेलं दगडी उखळ मागून घेतलं. काकूनं मिक्सर आणल्यापासून त्यात कोंबडी पाणी प्यायची. दोघांनी मिळून ते डिकीत ठेवलं, गाडीचं बूड टेकलं. कोथरूडला लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेलं, गॅलरीत विराजमान झालं, त्यात मनीप्लांट लागला, फोटो आले. मग त्यांना जोडीला एक जातं हवं झालं, मग एक पाटा, एक वीरगळीचा तुकडा. वीरगळ गावानं दिली नाही, हे बरं झालं. बाकीचं सगळं गेलं.

परवा दाजींचा फोन आला. आवाज थरथरत होता. सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीकडं लेखी तक्रार केलीय: गॅलरीवर एवढं वजन पेलणार नाही, उद्या जमीन हलली तर आमच्या डोक्यावर येईल, दगड ताबडतोब हलवा. सेक्रेटरीनं नोटीस दिलीय. “वारशाची जाण नाही लोकांना!” दाजी ओरडत होते. “नुसती भीती! साडेसहा कोटी वर्षं टिकलेला दगड, याला कधी काही झालं?”

मी फोन स्पीकरवर टाकला होता. काकूनं सुपातली ज्वारी एकदा पाखडली आणि जावयाचा मान राखत, पदर सावरत म्हणाली, “जावईबापू, त्या खालच्या पावण्याचं गाव आमच्या सास्तूरकडचं हाय का, इचारा की जरा.”