टप्!

पंगतीत पहिलं वाढतात ते मीठ. ताटाच्या वरच्या टोकाला, मधोमध, चिमूटभर. पण वाढप्याचा हात आमच्या सोडियमरावांच्या ताटाशी पोचायच्या आत त्यांचा पंजा तिथे पालथा पडलेला असतो. "मला नको. माझं माझ्याकडे आहे." एवढं बोलून ते शर्टाच्या खिशात दोन बोटं घालतात आणि आम्ही ओळखीचे लोक मनातल्या मनात मोजू लागतो. एक, दोन, तीन...

टप्!

हा डबीच्या झाकणाचा आवाज. कॅमेऱ्यात रोल घालायचे त्या काळातली काळी, राखाडी झाकणाची डबी. रोल गेले, कॅमेरा गेला, त्या कॅमेऱ्यात मनालीला काढलेल्या फोटोंचे रंग उडाले, डबी राहिली. तिच्यात कमी सोडियमचं मीठ. साध्या मिठातलं थोडं सोडियम क्लोराइड काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं. आता हे मला तोंडपाठ आहे, म्हणजे मी किती वेळा ऐकलं असेल याचा अंदाज करा.

सोसायटीच्या पत्रपेटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. बँकेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात बीपी निघालं. हाताला हिशेबाची सवय होतीच, फक्त खातं बदललं. माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांनी लगेच भागाकार केला. घरात माणसं दोन, तेव्हा किलोची पिशवी १०० दिवस पुरलीच पाहिजे. पिशवीवर फोडल्याची तारीख बॉलपेननं लिहिली जाऊ लागली. पहिली पिशवी ४३व्या दिवशी संपली तेव्हा काकूंची चौकशी बसली. काकूंनी शांतपणे सांगितलं, "लोणचं कोणाला लागतं दोन वेळा?" चौकशी तहकूब झाली ती आजतागायत.

डबीच्या आधी त्यांचं एक सैंधवपर्वही होऊन गेलं. सैंधव नैसर्गिक, सैंधव उपासाला चालतं, सबब सैंधवात सोडियम नाही, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. चार घरांनी सैंधव आणलंही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बी.फार्म. करणाऱ्या मुलीनं लिफ्टमध्ये त्यांना गाठलं. "काका, सैंधव म्हणजेसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. वर त्यात आयोडीन घातलेलं नसतं." लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत काका गप्प होते आणि त्यानंतर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डबी अवतरली.

मग ती कुठे उघडली नाही? उडप्याकडे डोशावर टप्. वर्षश्राद्धाला खिरीवर टप्, यजमानांनी "खीर आहे ती" म्हणेपर्यंत. चौपाटीवर भेळवाल्याला "मीठ घालू नकोस" अशी ताकीद देऊन, वरून टप्. भेळेतल्या शेवेत आणि फरसाणात काय असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगायला गेलो होतो, तर म्हणाले, "ते आतलं. आपण वरचं सांभाळायचं." एकदा नाट्यगृहात, दुसऱ्या अंकातला नायिकेचा जीवघेणा शांत क्षण चालू होता आणि सातव्या रांगेतून आवाज आला: टप्. ते काकडी खात होते.

१९३० साली याच मुलखात, वडाळ्याला आणि शिरोड्याला, लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आमचे हे गृहस्थ मिठाविरुद्ध सत्याग्रहाला बसलेले, आणि लाठ्या मात्र आमच्या पाठीत.

मीठ नुसतं बाळगून भागत नाही, त्याचा प्रचारही करावा लागतो. त्याला पुरावा चीनचा. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आहे खरा: सहाशे गावं, जवळजवळ २१ हजार माणसं, एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीची आणि बीपीची. निम्म्या गावांना असलं मीठ दिलं, निम्म्यांना नाही, आणि सुमारे पाच वर्षं पाहिलं. मीठ बदललेल्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. मला हे सगळं मान्य आहे. पण वधूच्या आईला, मुलीच्या पाठवणीच्या वेळी, "सहाशे गावं, वहिनी, सहाशे!" असं सांगायचं काही कारण होतं का? त्या माउलीला वाटलं, सहाशे पानं जास्त झाली.

चव? एकदा त्यांनी आग्रहानं माझ्या वरणावर ते भुरभुरवलं. मीठ लागतं, नाही असं नाही. पण मागून टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यासारखं काहीतरी कडवट येतं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "पोटॅशियम आहे ते. सवय होते." आणि स्वतः लिंबाच्या लोणच्याच्या फोडीवर डबी उपडी केली. लोणच्यावर! "आता बॅलन्स झाला." जोडीला दोन उडदाचे पापड, पापडखारासकट. रात्री पित्त झालं म्हणून फसफसणारी पावडर, म्हणजे पुन्हा खायचा सोडा, म्हणजे पुन्हा सोडियम. काकू एवढंच म्हणतात, "ह्यांनी मीठ बदललं, खाणं नाही."

गेल्या श्रावणात ते यंत्र घेऊन माझ्याकडे आले. "दंड पुढे करा." मी केला, ते लवकर जावेत म्हणून. आकडा आला १६८/१०४. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी पाच-पाच मिनिटं थांबून तीनदा मोजलं. पहिल्यांदाच ते सहाशे गावांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्यासाठी डॉक्टरांकडे नंबर लावून. दोन तास माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. माझ्या बायकोला फोनवर सांगत होते, "काळजी करू नका, मी आहे." आत्तापर्यंत हे वाक्य मला धमकीसारखं वाटायचं.

आलाच आहात तर तुमचंही रक्त तपासू, असं डॉक्टरच त्यांना म्हणाले. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. माझे ठीक होते, त्यांचे नव्हते. क्रिएटिनिन वाढलेलं, पोटॅशियमही. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कुठलं खाता?" अहो, हा प्रश्न कोणीतरी आपणहून विचारावा म्हणून तर ते गेली चार वर्षं जगत होते! चेहरा उजळला, दोन बोटं खिशात गेली. टप्!

डॉक्टरांनी डबी हातात घेतली, वास घेतला, झाकण लावून टेबलावर ठेवली. बऱ्याच लोकांना हे मीठ चांगलंच, ते म्हणाले. पण मूत्रपिंड थकलं की पोटॅशियम बाहेर पडत नाही, साठत जातं आणि थेट हृदयाच्या ठोक्याशी खेळतं. त्यात तुमची बीपीची गोळीही पोटॅशियम धरून ठेवणारी. तुम्हाला हे बंद. साधंच मीठ, पण निम्मं. आणि लोणचं-पापड पूर्ण बंद.

परत येताना रिक्षात ते काहीच बोलले नाहीत. सिग्नलला म्हणाले, "मी सोसायटीत अकरा घरांत हे मीठ सुरू करून दिलंय." आणि त्याच संध्याकाळी अकराही घरांच्या बेल वाजवून आले, कोणाला किडनीचा त्रास आहे का, बीपीची गोळी कुठली, डॉक्टरांना विचारलंय का. दोन घरांतून पुडे परत घेऊन आले. पैसे स्वतःच्या खिशातून दिले. ते मीठ साध्यापेक्षा महाग असतं, हे सांगून ठेवतो.

परवा सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद होता. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हल्ली मीच तशी जागा धरतो. माझं बीपी आता १३२/८४ आहे, पण हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, श्रेय कोणाला जाईल ते माहीत असल्यामुळे. मिठाचा वाढपी आला. पंजा पालथा. दोन बोटं खिशात. एक, दोन, तीन. टप्!

मी दचकून काकूंकडे पाहिलं. सोडियमरावांनी डबीत चिमूट घातली, वरणभातावर बोटं चोळली, झाकण लावलं आणि समाधानानं पहिला घास घेतला. पानावर काहीच पडलं नव्हतं.

"रिकामी आहे," काकू हळूच म्हणाल्या. "सकाळी रुमालाबरोबर मीच देते."