फोन तिच्याच हातात राहू द्या

‘दे इकडे, मी करून देतो.’ घरोघरी रोज ऐकू येणारं हे वाक्य प्रेमळ वाटतं. मला ते घातक वाटतं. नातू आजीच्या हातातला फोन घेतो, चार ठिकाणी बोट फिरवतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. काम होतं. आजीला कळतं ते एवढंच, की हे आपल्याला जमणारं नाही. पुढच्या वेळी ती फोन आपणहून पुढे करते. नातू घरी नसला तर शेजाऱ्यापुढे, सेवा केंद्रातल्या पोरापुढे, बँकेच्या रांगेतल्या अनोळखी माणसापुढे. ओटीपी सांगते, पिनही सांगते. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवून घेत, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

म्हाताऱ्यांना नवं शिकता येत नाही, हे साफ खोटं आहे. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी साड्या नेसून, दप्तर-पाटी घेऊन बाराखडी गिरवायला बसल्या. अख्ख्या आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या बायका सही करू लागल्या. पेन्सिल त्यांच्याच हातात होती, म्हणून.

फोनचं असं का होत नाही? जवळ बसून पाहा, म्हणजे कळेल. आयुष्यभर घट्ट दाबून काम केलेलं बोट काचेवरही घट्टच दाबलं जातं. फोनला वाटतं, हिला हे चिन्ह हलवायचंय किंवा काढून टाकायचंय. चिन्हं जागची हलतात, भलताच प्रश्न समोर येतो, आजी घाबरून फोन खाली ठेवते. ‘टेकव आणि उचल’ एवढे तीनच शब्द तिला कुणी सांगितलेले नसतात. ओटीपीचा मेसेज उघडून आकडे वाचेपर्यंत पडदा काळा होतो, परत यावं तर वेळ संपलेली. पडदा विझण्याचा वेळ वाढवता येतो, अक्षरं मोठी करता येतात, फोन मराठीत करता येतो. पाच मिनिटांची कामं. आपण ती करत नाही आणि वर तिला अडाणी ठरवतो. रोज पोथी वाचणारी ही बाई सरकारी संकेतस्थळावरच्या वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांच्या कॅप्चापुढे निरक्षर होते. मग अडाणी कोण, ती की ते पान बनवणारा?

सरकारचं धोरण याहून निराळं नव्हतं. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. ६ कोटी ग्रामीण कुटुंबांचं उद्दिष्ट, घरटी एक माणूस, २० तासांचं प्रशिक्षण. वयाची अट १४ ते ६०. साठीच्या पुढचे दारातच थांबवले! आणि घरटी एकच म्हटल्यावर कोण गेलं असेल? ज्याला आधीच थोडंफार येत होतं, तो. ३१ मार्च २०२४ ला योजना संपली, ६ कोटींवर माणसं शिकवल्याची नोंद झाली. ज्यांना गरज सर्वांत जास्त होती, ते त्या नोंदीत बसतच नव्हते.

त्यांच्या दारी परीक्षा मात्र आलीच. २०२५ च्या सप्टेंबरात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दीड हजार रुपयांसाठी ई-केवायसी सक्तीचं झालं. बाईचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी. दोघेही हयात नसलेल्या बाईनं काय करायचं, हा प्रश्न पान तयार करताना कुणालाच पडला नाही. बायका रडकुंडीला आल्या, तेव्हा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

आता तरुणांकडे वळू. बोटं वेगानं फिरतात म्हणून त्यांना साक्षर मानायचं, हीसुद्धा आपली फसवणूकच. प्रथम संस्थेच्या ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के, समाजमाध्यमं पाहिलेली ७६ टक्के. ‘घरबसल्या कमवा’च्या टास्कमध्ये पैसे घालवणारी आणि थोड्या कमिशनसाठी आपलं बँक खातं अनोळखी माणसाला वापरायला देणारी मुलं कॉलेजातलीच असतात. पोलीस दारात येतात तेव्हा त्यांना कळतं, की खात्यातून फिरलेला पैसा चोरीचा होता. रील बनवता येणाऱ्या मुलाला नोकरीचा अर्ज ईमेलनं धाडता येत नाही, हे कुठल्याही प्राध्यापकाला विचारा. मधली, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फ्रेम करून ठेवलेली पिढीही सुरक्षित नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. तरी निवृत्त अधिकारी आणि डॉक्टर खोट्या पोलिसाच्या व्हिडिओ कॉलपुढे दिवसच्या दिवस बसून राहतात आणि आयुष्याची पुंजी सोपवतात.

म्हणून म्हणतो, पिढ्या एकमेकींसमोर बसवा. आजीला संशय घेता येतो. अनोळखी माणूस गोड बोलू लागला की तिच्या कपाळावर आठी पडते, ती आठी नातवाला हवी आहे. नातवाला बटणं माहीत आहेत. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही, हे त्यानं तिला एकदा सांगून भागणार नाही. तिच्याच हातानं एक-एक रुपया पाठवून दहा वेळा करून घ्यावं लागेल. पैसे गेलेच तर १९३० ला त्याच क्षणी फोन लावायचा, हा नंबर दोघांनाही पाठ हवा.

पण हे सगळं घरावर सोडून चालणार नाही, कारण कित्येक घरांत नातू पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहे. महाराष्ट्रात सुमारे ११ हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. पेपर वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी तिथे रोज जमतात, दुपारी टेबलं रिकामी असतात. आठवड्यातले दोन दिवस तिथे एक टेबल फोनसाठी ठेवा. जवळच्या महाविद्यालयातल्या एनएसएसच्या मुलांना बसवा. नियम एकच: शिकवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला तिथेच होईल. २०२१ पासून चेहरा दाखवून, डोळे मिचकावून तो फोनवरच काढता येतो. त्या मुलांनाही बँकेतल्या निवृत्त माणसाकडून खातं, व्याज, जामीनकी म्हणजे काय ते तिथेच कळेल.

ग्रंथालयांचं अनुदान तुटपुंजं आहे, ग्रंथपालाचा पगार त्याहून तुटपुंजा. हे काम फुकटात त्याच्या गळ्यात घालू नका. वेगळं मानधन द्या, इंटरनेटचं बिल भरा, आणि पुढच्या अर्थसंकल्पात त्याची ओळ दिसू द्या, वयाची अट न घालता.